चंद्रावरच्या दऱ्या बघायच्यात? आधी कालनिर्णय उघडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये हमखास जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जे घाईत सुटलं ते इथे भरून काढलंय, आणि आकडे नीट लिहिलेत.

आपल्याला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, माहितीये? "मुंबईत राहून दुर्बीण घेण्यात काही अर्थ आहे का?" मागे अर्थातच पुढचं वाक्य असतं: "आमच्याकडे तर चार तारे पण दिसत नाहीत."

मी अँटॉप हिलला राहते. आमच्या गच्चीवरून एका बाजूला वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडचा उजेड, दुसऱ्या बाजूला शीव-माटुंग्याचा. आकाशगंगेचा पट्टा इथून दिसत नाही, दिसणारही नाही. त्यासाठी वांगणी-नेरळकडे जावं लागतं, रात्र काढावी लागते, आणि प्रत्येकाला ते जमतंच असं नाही. घरून परवानगी, गाडीभाडं, सकाळचं कॉलेज, सगळंच आडवं येतं. मग ज्याला जाता येत नाही त्याने आकाश बघायचंच नाही का?

तर आजचा भाग त्यांच्यासाठी. शहराच्या उजेडाने ज्याचं काडीचं नुकसान होत नाही अशी एक गोष्ट आपल्या डोक्यावर आहे: चंद्र. तो स्वतःच इतका उजळ आहे की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याला फरक पडत नाही. राजस्थानच्या वाळवंटातून चंद्रावरची दरी जितकी स्पष्ट दिसेल, जवळपास तितकीच अँटॉप हिलवरून दिसते. फक्त कोणत्या दिवशी बघायचं हे कळायला हवं. आणि ते सांगणारी वस्तू तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली आहे.

पौर्णिमेला का नाही?

नवीन दुर्बीण घेतलेला माणूस बहुतेक वेळा पौर्णिमेची वाट बघतो. कोजागिरीला दूध आटतंय, गच्चीवर सगळे जमलेत, दुर्बीण लावली, आणि आत काय? पांढरीफटक थाळी. थोडे काळे डाग, काही चमकदार पट्टे. डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत. दोन मिनिटांत लोक परत भेळेकडे.

कारण साधं आहे. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून चंद्रावर उजेड टाकतो, म्हणून सावल्या दिसतच नाहीत. फोनच्या फ्लॅशमध्ये काढलेला फोटो आठवा, चेहरा कसा सपाट येतो! तेच. खड्डा खड्ड्यासारखा दिसायला बाजूने येणारा उजेड लागतो. भर दुपारी रस्त्यावरचा खड्डा नजरेत येत नाही, पण रात्री समोरून येणाऱ्या बाइकच्या दिव्यात त्याच रस्त्याची प्रत्येक खाच उठून दिसते.

चंद्रावर असा तिरपा उजेड कुठे असतो? उजळलेला भाग संपून काळोखा भाग जिथे सुरू होतो त्या सीमारेषेवर. तिला टर्मिनेटर म्हणतात. वाढत्या चंद्रावर ही रेषा म्हणजे तिथली सकाळ: सूर्य नुकताच उगवलेला, सावल्या लांबच लांब. तुम्हाला जी दरी बघायची आहे तिच्यावरून ही रेषा ज्या दिवशी जाते, तो तिचा दिवस. एक-दोन दिवसांनी तीच दरी उजेडात विरघळून जाते. दुर्बीण तीच, दरी तीच, पण दिसत नाही.

तिथी म्हणजे नेमकं काय

आता गंमत बघा. तिथी म्हटलं की आपल्याला उपास आणि सण आठवतात. पण तिथी हे शुद्ध भूमितीचं माप आहे. पृथ्वीवरून बघताना चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. ३६० भागिले १२, म्हणून महिन्यात ३० तिथी. अमावास्येला अंतर शून्य, शुद्ध अष्टमीच्या मध्यावर ९० अंश, पौर्णिमा संपते तेव्हा १८०.

आणि टर्मिनेटर चंद्रावर कुठे असणार हे याच कोनावर ठरतं. म्हणजे तिथी कळली की सकाळची रेषा चंद्राच्या कोणत्या रेखांशावर आहे हे कळलं. एका तिथीत ती साधारण १२ अंश सरकते. चंद्राच्या विषुववृत्तावर हा वेग ताशी साधारण १५ किलोमीटर भरतो, आरामात चालवलेल्या सायकलएवढा. तासभर एकाच जागी बघत बसलात तर काळोखात एखादं नवं डोंगरटोक पेटलेलं दिसतं. मोबाइल ॲपही हे सगळं सांगतं, पण १९७३ पासून घराघरात असलेलं कालनिर्णयही सांगतं, तेही चार्जिंगशिवाय.

दोन सूचना. पहिली: कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती कधी संपते ती वेळही दिलेली असते, ती बघा. संध्याकाळपर्यंत पुढची तिथी लागलेली असू शकते. दुसरी: चंद्र आपल्याकडे तोंड करून किंचित डोलत असतो, त्यामुळे हे गणित कधीकधी अर्ध्या तिथीने, क्वचित त्याहून थोडं जास्त, इकडेतिकडे होतं. म्हणून ठरलेल्या दिवसाच्या पुढच्या दिवशीही बघा.

चार तिथी, चार जागा

*शुद्ध चतुर्थी-पंचमी: ऱ्हेइटा दरी.* चंद्राच्या आग्नेय भागात, साधारण ४४५ किलोमीटर लांब. रेल्वेने मुंबई ते सोलापूर जेवढं अंतर, जवळपास तेवढं. पण ही खरी दरी नाही! फार पूर्वी एक प्रचंड अशनी आदळून 'मारे नेक्टारिस' हे खोरं तयार झालं, तेव्हा उडालेले दगडधोंडे एका रेषेत पडत गेले. प्रत्येकाचं एक विवर झालं, आणि विवरं एकमेकांत मिसळून ही लांब खाच तयार झाली. नीट बघितलंत तर कडा गोल गोल तुटक दिसतात, माळेतले मणी दाबून बसवल्यासारख्या.

आता तुम्ही म्हणाल, भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला तर चंद्र बघायचा नसतो. आजीला दुखवू नका, पंचमीला बघा. आणि तसंही त्या दिवसांत मुंबईत ढगच असतात. बाकीच्या महिन्यांतल्या विनायकी चतुर्थ्या आहेतच.

*शुद्ध सप्तमी: आरिएडियस खाच.* चंद्राच्या मध्याजवळची ३०० किलोमीटर लांब, साधारण ५ किलोमीटर रुंद सरळ घळ. दोन समांतर भेगांमधली जमीन खाली बसल्यामुळे ती झाली. वाटेत टेकड्या आल्या तर त्यांच्यातूनही ती सरळ जाते. पाणी टेकडीला वळसा घालतं, खचलेली जमीन घालत नाही. म्हणजे नुसता आकार बघून कारण ओळखता येतं.

*शुद्ध अष्टमी-नवमी: आल्प्स दरी.* नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. चंद्राच्या उत्तर भागात, आल्प्स पर्वताला कुणी सुरीने उभा काप द्यावा तशी. लांबी १६६ किलोमीटर, म्हणजे रस्त्याने मुंबई-नाशिक. रुंदी जास्तीत जास्त १० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चर्चगेट ते दादर. हीसुद्धा खचलेली जमीन आहे. 'मारे इम्ब्रियम' हे विशाल खोरं साधारण ३९० कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने झालं, त्यानंतर त्याच्या काठाची जमीन अशी फाटली आणि मग लाव्हाने तिचा तळ सपाट भरला. याच तिथीला थोडं खाली हॅडली खाच असते. ३० जुलै १९७१ ला अपोलो १५ तिच्याजवळ उतरलं, आणि डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन गाडी चालवत तिच्या काठापर्यंत गेले.

*शुद्ध द्वादशी-त्रयोदशी: श्रोटर दरी.* चंद्रावरचं सगळ्यात चमकदार विवर अ‍ॅरिस्टार्कस, त्याच्या शेजारीच. एका टोकाला रुंद, मग अरुंद होत वळत गेलेली. रुंद टोकाला निरीक्षक 'कोब्रा हेड' म्हणतात, आपण नागाचा फणा म्हणू. ही दरी लाव्हाच्या प्रवाहाने कोरलेली आहे. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पण आपल्या दऱ्या पुढे पावसाने आणि नद्यांनी कोरल्या. चंद्रावर ना पाऊस ना नदी. तिथे नदीचं काम लाव्हानेच केलं. कोजागिरीची गर्दी जमण्याच्या दोन-तीन दिवस आधी हिला गाठा.

आता लक्षात आलं? चार जागा, आणि खाच पडण्याची तीन वेगळी कारणं: दगडांचा मारा, जमीन खचणं, लाव्हाचा प्रवाह. तुमच्या गच्चीवरून.

इस्रोलाही हीच सकाळ हवी होती

२३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर उतरलं तो दिवस आठवतोय ना? त्या संध्याकाळी श्रावण शुद्ध सप्तमी होती. उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झालेली होती, आणि हे मुद्दाम ठरवलेलं होतं. लँडर आणि रोव्हर सौर पॅनलवर चालणारे, चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण १४ दिवसांचा, म्हणून सकाळी उतरलं की पूर्ण दिवस कामाला मिळतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे संध्याकाळ होऊ लागली तशी दोघांना झोपवलं गेलं. आपण ज्या रेषेमागे धावतोय, तिच्याच हिशेबाने मोहिमेची तारीख ठरली होती.

कुणी म्हणेल, चांद्रयान-२ चा ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतोय, त्याच्या कॅमेऱ्याला अर्ध्या मीटरहून लहान वस्तू दिसतात, मग आपण डोळे का फोडायचे? फोटो बघून माहिती मिळते, हे खरंच. पण फोटोत सावली गोठलेली असते. नेत्रिकेत ती तुमच्यासमोर सरकते. लता मंगेशकरांचं गाणं रेकॉर्डवर ऐकणारेही गायला शिकतातच की!

संकष्टी: दुसरी संधी

शुद्ध पक्षात जी रेषा सूर्योदयाची, तीच वद्य पक्षात सूर्यास्ताची होते, आणि त्याच जागांवरून परत जाते. वद्य चतुर्थीला ती पुन्हा ऱ्हेइटा दरीपाशी येते. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी! मुंबईत या एका रात्री हजारो लोक चंद्राची वाट बघत असतात, तेव्हा गच्चीवर दुर्बीण लावण्यासाठी याहून चांगला दिवस कोणता? चतुर्थी नुकतीच लागलेली असेल तर दरी सावलीच्या काठावर दिसते. तिथी संपत आलेली असेल तर ती काळोखात बुडालेली असते. म्हणून आदल्या रात्रीही बघून ठेवा.

या वेळी उजेड उलट बाजूने येतो. शुद्ध चतुर्थीला दरीची जी भिंत उजळलेली होती ती आता सावलीत, आणि सावलीतली उजेडात. दोन्ही चित्रं काढून शेजारी ठेवा, कोणती कड जास्त उंच आहे याचा अंदाज येतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू संकष्टी करतात. कालनिर्णयात मुंबईची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण गेल्या काही वर्षांत आमच्या पूर्वेला टॉवर उभे राहिले. चंद्र क्षितिजावर आला तरी तो टॉवरच्या वर यायला आम्हाला जवळजवळ तासभर लागतो. एकदा काकूंना आयपीसला डोळा लावायला दिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "अगं, हा तर कडेने कुरतडल्यासारखा दिसतोय. इतकी वर्षं याला नैवेद्य दाखवते, असा कधी बघितलाच नव्हता." आणि मग, "पण तो टॉवर अजून वाढला, तर दिसेल का गं इथून?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. शहराच्या उजेडाने चंद्र जात नाही, हे मी सुरुवातीला म्हटलं. पण भिंतींमागे जातो. कुलूप लावलेल्या गच्चीमुळेही जातो. आमच्याकडे किल्ली मिळवायला तीन अर्ज करावे लागले. "मुलं वर जाऊन काय करणार?" हा आक्षेप. शेवटी समितीतल्या दोघांना बोलावून अष्टमीचा चंद्र दाखवला, आणि महिन्यातले चार दिवस गच्ची उघडी ठेवायचं ठरलं. तुमच्या सोसायटीतही असंच करून बघा. अर्जापेक्षा आल्प्स दरी जास्त पटते.

दुर्बीण किती मोठी हवी?

आता थोडं गणित, घाबरू नका. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. चंद्रावरचे साधारण १.८६ किलोमीटर आपल्याला एका विकलेएवढे दिसतात. ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण साधारण एक विकलेपर्यंतचा तपशील वेगळा करू शकते. आपलं लोणारचं विवर १.८ किलोमीटर व्यासाचं. ते चंद्रावर असतं, तर या दुर्बिणीत जेमतेम ठिपक्याएवढं कळलं असतं. आल्प्स दरी मात्र १० किलोमीटर रुंद, म्हणजे पाचेक विकला. सहज दिसते.

मधल्या दर्जाच्या फोनच्या किमतीत अशी दुर्बीण येते. ९०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ३६ पट आणि १० च्या नेत्रिकेने ९० पट मोठं दिसतं. दऱ्यांसाठी ९० भरपूर आहे. खोक्यावर "५०० पट" लिहिलेलं असेल तर दुर्लक्ष करा. एवढ्या आरशाला ते झेपत नाही, नुसतं मोठं आणि पुसट दिसतं. आल्प्स दरीच्या तळातून जाणारी एक बारीक खाच आहे, ती मात्र २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीलाही घाम फोडते. हॅडलीसाठी १५० मिलिमीटर आणि शांत हवा हवी.

शांत हवा ही मुंबईत जास्त महत्त्वाची. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो आणि चंद्र पाण्याखाली असल्यासारखा हलतो. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून बघू नका. चंद्र जितका डोक्यावर तितकी मधली हवा कमी. होळीच्या आठवडाभर आधीची अष्टमी आणि रामनवमीची संध्याकाळ, या दोन्ही वेळी अंधार पडताना चंद्र मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर असतो. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी या. आणि पावसाळ्यात आरशाला बुरशी लागते, तेव्हा दुर्बीण झाकून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

तुमचे प्रश्न

*गच्ची नाही, बाल्कनीतून चालेल?* चालेल. पश्चिमेची बाल्कनी असेल तर शुद्ध पक्षातल्या संध्याकाळी तुमच्या, पूर्वेची असेल तर वद्य पक्षातल्या रात्री. बंद काचेतून मात्र बघू नका.

*डोळ्यांना त्रास होतो का?* चंद्राने नाही. झगमगलं तर मागचा दिवा चालू ठेवा. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवायची नाही, एक क्षणही नाही.

*फोनने फोटो?* फोन आयपीसवर टेकवून धरा, स्क्रीनवर टर्मिनेटरवर बोट दाबून फोकस लॉक करा, आणि उजेड खाली ओढा. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. हलत्या हवेतली एखादी स्थिर फ्रेम नंतर निवडता येते. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, उत्तर खाली. नकाशाही उलटा धरा, झालं.

*दुर्बीण नाहीच, मग?* विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. शीवच्या साधना विद्यालयात वर्षानुवर्षं जमत आलेलं खगोल मंडळ, वरळीचं नेहरू तारांगण, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, सगळे आपल्या टप्प्यात आहेत. आणि हात चालवायची आवड असेल तर पुण्याच्या आयुका संस्थेत स्वतः दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

या महिन्याचं काम

येत्या शुद्ध अष्टमीला आल्प्स दरी शोधा. कागदावर एक गोल काढा, दरी जिथे दिसली तिथे रेघ मारा, बाजूला तिथी आणि वेळ लिहा. तासाभराने परत बघा आणि सावली कुठे सरकली ते दुसऱ्या रंगाने काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात आपण या सावल्यांच्या लांबीवरून चंद्रावरच्या डोंगराची उंची कशी काढायची ते बघणार आहोत, आणि त्यासाठी तुमचीच चित्रं वापरणार आहोत.

तोवर गच्चीची किल्ली कुणाकडे आहे ते शोधून ठेवा.